चार इंची टायर कशाला?

आमच्या ऑफिसात सध्या एक साथ पसरली आहे. बाल्कनीत धूळ खात पडलेली जुनी माउंटन बाइक बाहेर काढायची, ऑनलाइन मोटरचं किट मागवायचं, बॅटरी लटकवायची आणि रविवारी पहाटे मुळशी नाहीतर पुरंदरच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर पसार व्हायचं. साथ चांगली आहे, मलाही लागण झालेली आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण कँटीनमध्ये हा विषय निघाला की सगळे वॉट, व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांवर तावातावाने भांडतात. टायरची पाळी येते ती शेवटी, चहा संपता संपता. आणि तेव्हा प्रश्न एकच असतो, "बसेल तेवढा रुंद टाकू ना रे?"

तर मंडळी, माझं उत्तर 'नको' असं आहे. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतील. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात मोटर लावलेली सायकल कच्च्यावर चालवायची असेल तर मागे २.३५ किंवा २.४ इंच, पुढे २.४ ते २.६, दोन्हींची साइडवॉल दणकट, आणि शक्य असेल तर ट्यूबलेस. २.८ आणि ३ इंची 'प्लस' टायर फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्या फ्रेममध्ये ते खरोखर मावतात आणि ज्यांना डांबरावर फार वेळ घालवायचा नाही. ४ इंची फॅट टायर नकोतच. आता का, ते सांगतो. थोडं गणित येईल, पण आपण सगळे एम-थ्री पास झालेले लोक आहोत, भागाकाराला घाबरायचं कारण नाही :-)

रुंद टायरने नक्की काय होतं? बहुतेकांना वाटतं की जास्त रबर जमिनीला लागतं म्हणून पकड वाढते. हे अर्धंच खरं आहे. टायर जमिनीला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ ढोबळमानाने त्यावरचं वजन भागिले आतला दाब एवढं असतं. रुंदी त्या समीकरणात येतच नाही. समजा मागच्या चाकावर ६० किलो भार आहे. ३० पीएसआय हवा असेल तर साधारण २८ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला लागेल, म्हणजे दीड काडेपेटी. २० पीएसआय केली की ४३, म्हणजे अडीच काडेपेट्या. हे २.१ इंची टायरलाही लागू आणि ४ इंचीलाही. फरक असा, की २.१ मध्ये २० पीएसआय भरून गोट्यांवर गेलात तर पहिल्याच मोठ्या दगडाला रिम दगडावर आपटेल. रुंद टायरमध्ये रिमच्या खाली हवेचा थर जाड असतो, म्हणून तो कमी दाबावरही रिम वाचवतो. २.१ चा २.४ केला तर आतली हवा जवळजवळ ३० टक्के वाढते, कारण ती रुंदीच्या वर्गाने वाढते. तेव्हा रुंदी घ्यायची ती कमी हवा भरायची मुभा मिळावी म्हणून. रुंद टायर घेऊन त्यात पेट्रोल पंपावर ५० पीएसआय ठासून भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी पैसे नक्की कशाचे मोजले, देव जाणे.

याला जोडूनच एक गोष्ट, जी एसओएमच्या पेपरात 'थिन सिलिंडर' या नावाने आपण सगळ्यांनी घोकली होती. टायरच्या कापडावरचा ताण हा दाब गुणिले त्रिज्या या हिशेबाने वाढतो. म्हणजे तोच दाब भरला तर रुंद टायर अरुंदापेक्षा जास्त टणक होतो. २.१ मध्ये ३२ पीएसआयला जेवढा टणकपणा येतो तेवढा २.४ मध्ये २८ ला येतो आणि ४ इंचीत १७ लाच. त्यामुळे "मी नेहमी ३५ भरतो" या वाक्याला टायरची रुंदी सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

जाता जाता एक गंमत. माउंटन बाइक ही वस्तूच मुळात रुंद टायरमुळे जन्माला आली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही उनाड पोरं श्विन कंपनीच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट खाली यायची. १९७६ साली त्यांनी 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू केली. नाव असं का, तर उलटं पेडल मारून लागणाऱ्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस उतरता उतरता जळून जायचं आणि नंतर हब पुन्हा ग्रीस भरून बांधावा लागायचा. या सायकलींना होते बलून टायर, जे श्विनने अमेरिकेत १९३३ साली आणले होते. त्यांची रुंदी किती? २.१२५ इंच. म्हणजे ज्या रुंदीवर हा सगळा खेळ उभा राहिला, तीही विनासस्पेन्शन, तिला आज आपण 'अरुंद' म्हणून नाक मुरडतो. असो.

आता मोटर. साधी माउंटन बाइक असेल १४-१५ किलोची. हबवाली मोटर, ३ किलोची बॅटरी, कंट्रोलर, वायरी असं करत करत ती २२ किलोवर जाते. त्यातलं बरंचसं वजन मागे. बॅटरी कॅरिअरवर लावली असेल तर विचारूच नका. मागच्या चाकाच्या पोटातच तीन-चार किलोचा गोळा बसल्यामुळे ते चाक दगडावरून अलगद उचललं जात नाही, दगडावर आदळतं. साध्या सायकलवर आपण पाय किंचित वाकवून, सीटवरून उठून मागचं चाक हलकं करतो. हब मोटरच्या चाकाला ही विनवणी फारशी ऐकू येत नाही. परिणामी ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दंशासारखी. मिड-ड्राइव्ह मोटर पेडलच्या जागी बसते, त्यामुळे तिथे चाक हलकं राहतं, पण तिचा जोर चेन आणि गिअरमधून गुणाकार होऊन मागच्या टायरवर येतो. मध्यम गिअरमध्ये ठीक. सर्वात मोठ्या दात्यावर असताना सुट्या मुरमाच्या चढात असिस्ट वाढवलात की चाक जागच्या जागी गरगर फिरतं.

स्वस्त किटमध्ये आणखी एक भानगड असते. त्यातला सेन्सर पेडल फिरतंय की नाही एवढंच पाहतो, तुम्ही किती जोर लावताय ते त्याला कळत नाही. पेडल मारलं, क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम धक्का. डांबरावर ही मजा वाटते. चढावर, ओल्या दगडावर नेमक्या नको त्या क्षणी हा धक्का येतो. रुंद, कमी हवेचा टायर त्यातला थोडा धक्का पचवतो, हे खरं. पण त्याहून स्वस्त उपाय असिस्ट लेव्हल दोनवर ठेवणे हा आहे, आणि तो फुकट आहे.

थोडक्यात, मोटर लावल्यावर मागच्या टायरला हवाही जास्त लागते आणि अंगही दणकट लागतं. मग मागे घाला की ३ इंची! इथे फ्रेम आडवी येते.

नवीन ई-बाइक विकत घेणाऱ्याला हा प्रश्न नाही, कंपनीने तो सोडवलेला असतो. आपण मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फ्रेमवर उद्योग करतोय. त्या काळच्या फ्रेममध्ये मागे २.२५ किंवा २.३५ च्या वर फार जागा नसते. पेडलच्या मागून चाकाकडे जाणाऱ्या ज्या दोन नळ्या असतात, चेनस्टे, तिथे टायरच्या रुंद भागाजवळ आधी मोजा. मग फ्रंट डिरेलर असेल तर तिथे. व्हर्निअर कॅलिपर नसेल तर अॅलन की सरकवून बघा. ६ मिलिमीटरची अॅलन की टायर आणि नळी यांच्यामधून दोन्ही बाजूंनी आरामात गेली पाहिजे. चाक जोर लागल्यावर थोडं वाकतं, थोडं आउट असतं, आणि चिखल लागतो तो वेगळाच. वरून आणखी एक सावधगिरी. टायरवर लिहिलेली रुंदी आणि प्रत्यक्षातली रुंदी यांचं नातं लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखं असतं. २.४ चा टायर जुन्या १९ मिलिमीटर आतल्या रुंदीच्या रिमवर बारीक भरतो आणि ३० मिलिमीटरच्या रिमवर फुगतो. जुन्या अरुंद रिमवर २.६ बसवला तर तो विजेच्या दिव्यासारखा दिसतो आणि वळणावर बाजूला कलंडतो. माझ्या मते २.४ साठी आतून २५ ते ३० मिलिमीटरची रिम हवी, २.६ साठी ३० च्या पुढची. हब मोटरचं चाक बहुधा किटबरोबर तयार येतं, त्यामुळे ऑर्डर करायच्या आधी विकणाऱ्याला मोटरचे वॉट विचारता तसेच रिमची आतली रुंदी विचारा. बहुतेकांना ती सांगता येत नाही. मग फोटो मागवा, रिमवर आकडा छापलेला असतो.

आणि तो आकडा वाचताना इंचावर जाऊ नका. बाजूला बारीक अक्षरात ५७-५५९ किंवा ६१-६२२ असं काहीतरी असतं, ते वाचा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमच्या खोबणीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ इंची माउंटन बाइकला ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. व्ही-ब्रेकवाली सायकल असेल तर आणखी एक गोची. रुंद टायर ब्रेकच्या दोन हातांमधून हवा काढल्याशिवाय बाहेरच येत नाही. पण २२ किलोचं धूड उतारावर आवरायला डिस्क ब्रेक हवेतच, तेव्हा व्ही-ब्रेकची फ्रेम या कामासाठी मुळात घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. तीच गोष्ट पुढच्या चाकात हब मोटर बसवण्याची. सस्पेन्शनच्या चिमट्याचे टोकाचे खाचे मोटरचा पीळ सहन करायला बनवलेले नसतात. शहरात ऑफिसला जायला ठीक, डोंगरात नको.

आता आपली जमीन. इंटरनेटवर टायरचे जे सल्ले मिळतात ते बहुतेक अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या मातीसाठी असतात. त्यांच्याकडे पाइनच्या जंगलातली मऊ माती, झाडांची मुळं, बर्फ. आपल्याकडे वर्षातले आठ महिने कोरडा मुरूम, त्यावर सुटे गोटे, आणि खाली बसाल्टचा काळा कातळ, ज्याच्या कडा फुटल्या की सुरीसारख्या धारदार. महाबळेश्वर, पाचगणी किंवा कोकणात उतरलात की जांभा, तो खरबरीत, कोरडा असताना पकड झकास. बांधांच्या कडेने बाभळीचे काटे. आणि मग पावसाळ्यात कातळावर शेवाळ, शेतांमधल्या वाटांवर काळी माती.

काळ्या मातीसाठी थोडं थांबतो, कारण रुंद टायरची खरी फजिती तिथे होते. ही माती ओली झाली की रस्त्यावर राहायला तयार नसते, चाकाला चिकटून तुमच्याबरोबर यायला निघते. पाच-सहा फेऱ्यांत टायरवर दोन बोटं जाड थर चढतो, तो चेनस्टेमध्ये अडकतो आणि चाक फिरायचं थांबतं. साधी सायकल असेल तर आपण खांद्यावर टाकून चालू लागतो. २२ किलोची टाका खांद्यावर! वर हब मोटर अडकलेल्या चाकाला फिरवायला बघते, करंट वाढतो आणि कंट्रोलर तापतो. अशा चिखलात अरुंद टायर आणि भरपूर मोकळी जागा हेच चालतं. सायकलींच्या सायक्लोक्रॉस नावाच्या शर्यतीत, जी चिखलातच होते, टायर ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त रुंद चालत नाही, तरी ते लोक तो चिखल तुडवत जातात. आपल्याकडे टांगेवाले, बैलगाडीवाले काय रुंद चाकं लावायचे?

शेवाळावर मात्र कुठलीच रुंदी कामाला येत नाही. तिथे उतरून ढकलायचं.

एवढं झाल्यावर फॅट बाइक. ती मुळात आली बर्फ आणि वाळूसाठी. अलास्कात बर्फावरच्या शर्यती करणारे लोक आधी दोन रिम जोडून वगैरे घरगुती प्रयोग करत होते. २००५ साली सर्ली या अमेरिकन कंपनीने पग्जली नावाची सायकल ३.७ इंची टायर लावून बाजारात आणली आणि मग ती सगळ्यांच्या हाताला लागली. बर्फात आणि मऊ वाळूत टायर बुडू नये एवढंच काम. त्यासाठी तो ५ ते १० पीएसआयवर चालवतात. त्या कामात त्याला तोड नाही. पण आपल्याकडे तो आला तो दिसतो भारी म्हणून. सोसायटीच्या गेटजवळ फॅट बाइक उभी असली की बुलेट उभी असल्यासारखं वाटतं, हे मीही मान्य करतो.

मुरमावर काय होतं ते बघा. कमी हवा ठेवली तर टायर चेंडूसारखा उसळतो, आणि सस्पेन्शनला जसं तेल उसळी दाबून धरतं तसं हवेला दाबून धरणारं काही नसतं. वेगात आलात की उसळी वाढत जाते. वळताना पुढचं चाक स्वतःच्या मनाने आत वळू बघतं. हवा वाढवली तर वर सांगितलेल्या थिन सिलिंडरच्या न्यायाने तो टणक होतो आणि मग २.४ पेक्षाही हाडं खिळखिळी करतो. शिवाय हब वेगळा लागतो. साध्या माउंटन बाइकला मागे १३५ मिलिमीटरचा, फॅटला १७० किंवा १९० चा. मिड-ड्राइव्ह लावायची तर तीही लांब धुऱ्याची, १०० मिलिमीटरच्या खोक्यासाठीची घ्यावी लागते. पुढे कधी फ्रेम बदलली तर हे सगळं फुकट.

आणि बॅटरी. हा हिशेब मी एका कंटाळवाण्या स्टेटस मीटिंगमध्ये मांडला, तुम्हीही मांडून बघा. सायकल, माणूस, पाणी, पाठपिशवी मिळून १०० किलो धरा. चांगला २.४ टायर डांबरावर घरंगळताना वजनाच्या ०.८ टक्के विरोध करतो असं माना आणि हवा कमी असलेला, मोठ्या गोट्यांचा फॅट टायर त्याच्या दुप्पट. फरक येतो दर किलोमीटरला साधारण २.२ वॉट-अवर. मोटर आणि कंट्रोलर मिळून बॅटरीतली पाऊण शक्ती चाकापर्यंत पोचवतात असं धरलं, तर बॅटरीतून जातात २.९. चाळीस किलोमीटरच्या फेरीला ११६ वॉट-अवर. आपली नेहमीची ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे एकूण ३६०. म्हणजे एक तृतीयांश बॅटरी फक्त टायरने खाल्ली! तेवढ्यात हे १०० किलोचं ओझं तीनशे मीटर उंच चढलं असतं. पुण्याची वेताळ टेकडी शहरापासून दोन-अडीचशे मीटरच वर आहे, यावरून अंदाज करा.

आता तुम्ही म्हणाल, कच्च्या रस्त्यावर रुंद टायर उलट हलका चालतो. बरोबर आहे. दगडांवर टणक टायर सायकलसकट तुम्हाला वर उचलतो आणि ती शक्ती वाया जाते, मऊ टायर दगड गिळून पुढे जातो. पण आपल्या रविवारच्या फेरीचा नकाशा काढा. कोथरूड किंवा बाणेरहून निघायचं, पंधरा-वीस किलोमीटर डांबर, मग सात-आठ किलोमीटर कच्चा, मिसळ, आणि परत डांबर. 'ऑफ-रोड' म्हणतो आपण, पण तीन चतुर्थांश रोडच असतो. सायकल गाडीवर टाकून थेट डोंगराच्या पायथ्याशी नेणारे भाग्यवान वेगळे, त्यांनी २.८ बघायला हरकत नाही.

पैसे खर्च करायचे ते रुंदीवर कमी आणि कापडावर जास्त. टायरच्या आतलं कापड, केसिंग, हे खरं हाड आहे, पण ते दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही. मॅक्सिसच्या टायरवर 'एक्सो' किंवा 'डबलडाउन', श्वाल्बेच्या टायरवर 'सुपर ट्रेल', 'सुपर ग्रॅव्हिटी' असे शब्द असतात, ते या केसिंगचे दर्जे आहेत. डबलडाउन एक्सोपेक्षा जाड, सुपर ग्रॅव्हिटी सुपर ट्रेलपेक्षा जाड. जाड म्हणजे जड, टायरमागे दोन-तीनशे ग्रॅम वाढतात. साध्या सायकलवर ते पायांना जाणवतं. मोटरवाल्या सायकलवर? अहो, २२ किलोत पाव किलो. मोटरचा खरा फायदा हाच आहे की दणकट टायर आता परवडतो, आणि लोक नेमके तिथेच हलका टायर शोधत बसतात. माझ्या एका मित्राने वजन वाचवायला पातळ कापडाचे २.८ इंची टायर घातले होते. दिसायला राजेशाही. मुळशीकडच्या एका उतारावर पुढच्या टायरची साइडवॉल कातळाच्या कडेने चार बोटं फाटली, हवा क्षणात गेली आणि पठ्ठ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना डाव्या हाताने कोड टाइप करत होता. २.४ चा जाड टायर तिथे शंभर टक्के वाचला असता असं मी म्हणणार नाही, पण माझे पैसे मी त्याच्यावर लावीन.

मागचं चाक पंक्चर होणं हब मोटरमध्ये वेगळंच प्रकरण असतं. क्विक रिलीज नाही, जाड धुरा, त्याला १८ नंबरचा पाना, टॉर्क आर्म, आणि मोटरची वायर, जिचा जोड नेमका केबल टायने बांधलेला. नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांची पद्धत इथे सर्वोत्तम. ते चाक काढतच नाहीत. टायरची एक बाजू रिमवरून उतरवतात, ट्यूब तेवढीच बाहेर ओढतात, पाण्याच्या घमेल्यात बुडवून भोक शोधतात आणि तिथल्या तिथे चिकटवतात. ही कला शिकून घ्या. ट्यूबलेस केलंत तर बाभळीचा काटा आतलं औषध स्वतःच बुजवतं, चिमट्याचं पंक्चर होतच नाही, आणि हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी ठेवता येते. फक्त आपल्या उन्हाळ्यात ते औषध आत वाळून जातं, त्यामुळे मार्च ते मे दर महिन्या-दीड महिन्याने बघायचं.

पुढचा टायर मागच्यापेक्षा थोडा रुंद का? पुढचं चाक घसरलं की विचार करायला वेळ मिळत नाही, मागचं घसरलं तर सावरता येतं. पुढे मोटर नाही, फ्रेमची अडचण नाही, चिमट्यात जागा बहुधा जास्त असते. म्हणून पुढे मोठ्या गोट्यांचा, मऊ रबराचा, २.५-२.६. मागे मधले गोटे बुटके आणि जवळजवळ, कडेचे उंच, रबर थोडं कडक, कारण मोटर मागचा टायर खोडरबरासारखा झिजवते. मॅक्सिसचंच उदाहरण द्यायचं तर पुढे मिनियन डीएचएफ, मागे रेकॉन, अशा धाटणीचं काहीतरी. त्याच कंपनीचं घ्या असं नाही, पण हा आकृतिबंध लक्षात ठेवा.

हवा किती? १०० किलोच्या एकूण वजनाला २.४ टायरमध्ये ट्यूब असेल तर मी मागे २८ आणि पुढे २४ ने सुरुवात करतो, ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे दोन-तीन कमी. मग एखाद्या ओळखीच्या दगडावरून जाऊन बघायचं. रिमचा 'टक' आवाज आला तर दोन वाढवायची, हँडल दगडागणिक झटका देत असेल तर दोन कमी. डिजिटल गेज घ्या. पायपंपावरचा काटा वीसच्या खाली मनाला येईल ते दाखवतो.

आता एक अप्रिय मुद्दा. भारतातल्या नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद करणारी पेडल-असिस्ट सायकल ही सायकलच मानली जाते. त्याच्या वर गेलात की ती मोटार वाहन, मग नोंदणी, लायसन्स, सगळं आलं. पण टेकडीवर सकाळी सहाला काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांना वॉट दिसत नाहीत. त्यांना दिसतं ते रुंद टायर, मोटरचा गुंईऽऽ आवाज आणि पायवाटेवर पडलेला चर. पावसाळ्यात ओल्या वाटेवर थ्रॉटल पिळून मागचं चाक गरगर फिरवलं की टायर माती खरवडतो आणि पुढच्या सरीत पाणी त्याच चरातून वाहतं. दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओढा होतो. चार पोरांच्या थ्रॉटलपायी उद्या टेकडीवर सायकलबंदीची पाटी लागली तर पेडल मारणारे आपण सगळेच घरी बसू. कमी हवेचा, नीट पकडणारा टायर आणि खालची असिस्ट लेव्हल यात चाक फिरत नाही, वाट टिकते. आणि जोरदार पावसाचे जे चार-सहा आठवडे असतात त्यात टेकडीवर जाऊच नये, डांबरावर फिरावं. सिंहगडाचा डांबरी घाट पावसाळ्यात काय वाईट असतो? फक्त तेव्हा रविवार टाळा, त्या गर्दीत मोटर असली काय आणि नसली काय.

किट मागवायच्या बेतात असाल तर क्रम असा ठेवा. आधी फ्रेम मोजा. मग पुढचा आणि मागचा टायर आणा, जुन्याच चाकांवर चढवा आणि महिनाभर मोटरशिवाय त्याच रस्त्यांवर चालवा. घासतंय कुठे, हवा किती लागते, काळ्या मातीत काय होतं, हे सगळं १५ किलोच्या सायकलवर कळलेलं बरं. त्यानंतर रिमची रुंदी विचारून किट. मोटरचं चाक आलं की मागचा टायर त्याच्यावर, आणि पाठपिशवीत १८ नंबरचा पाना.